चादर-टॉवेलचा हिशेब एक्सेलमधून डेटाबेसमध्ये न्यायचाय, टेबलं कशी पाडायची?

लूमवाला_१३

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे, चादरी आणि टेरी टॉवेल, आजोबांपासून चालू. मी बी.कॉम. केलंय, कॉम्प्युटरची आवड म्हणून हिशेब माझ्याकडं आला. सहा वर्षं झाली सगळं एकाच एक्सेल शीटमध्ये चाललंय, एका ओळीत बिल नंबर, तारीख, पार्टीचं नाव, गाव, मोबाइल, डिझाइन नंबर, रंग, नग, रेट, रक्कम, जमा. पंचवीस हजाराच्या वर ओळी झाल्यात.

आता झालं काय, दिवाळीनंतर पप्पांनी एका पार्टीचं येणं विचारलं, मी फिल्टर लावून आकडा सांगितला, त्यांनी लगेच फोन लावला आणि समोरचा म्हणाला एवढं नाहीच, मी तर दसऱ्यालाच पैसे पाठवलेत. नंतर रात्री बसून बघितलं तर तीच पार्टी तीन तऱ्हेनं लिहिलेली, गाव कुठं गुलबर्गा कुठं कलबुर्गी, बिलं एका नावावर आणि जमा दुसऱ्या नावावर. वीस वर्षांची पार्टी आहे ती, पप्पांना लै वाईट वाटलं आणि मला त्यांच्यापेक्षा जास्त. शिवाय आमचे डिझाइन नंबर १२-८ असले असतात, ते एक्सेलनं परस्पर १२ ऑगस्ट करून टाकलेले.

मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकलंय, व्हिडिओ बघून टेबल तयार करायला, त्यात डेटा भरायला जमतंय. पण टेबलं किती करायची आणि कशात काय ठेवायचं हे कुणीच नीट सांगत नाही. आहे ती शीट तशीच एका टेबलात ओतली तर चालंल का?

कडकभाकरी

आधी ओत की. पंचवीस हजार ओळी म्हणजे डेटाबेसला काहीच नाही. चालू तरी होईल, नंतर सुधारता येतंय.

पूर्वभागकर

मूळचा सोलापूरचाच, पुण्यात डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा, म्हणून चौदा वर्षं काम करतोय. आत्ता हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून टाइप करतोय, कुर्डूवाडी गेली, जमेल तेवढं लिहितो.

कडकभाकरीचं म्हणणं वेगाच्या बाबतीत बरोबर आहे, पण लूमवाल्याचा त्रास वेगाचा नाहीच. शीट तशीच ओतलीस तर तो कलबुर्गी-गुलबर्ग्याचा घोळ जसाच्या तसा डेटाबेसमध्ये येईल आणि वर मायएसक्यूएलचा शिक्का बसला म्हणून तुझा त्यावर विश्वास वाढेल, हे तर जास्त वाईट. तुझ्या शीटमध्ये नक्की काय बिघडलंय ते बघ. पार्टीनं मोबाइल बदलला तर तुला तिच्या प्रत्येक बिलाच्या प्रत्येक ओळीत तो बदलावा लागतो, साठातल्या चाळीस ठिकाणी बदललास की आता खरा नंबर कुठला हे शीट सांगू शकत नाही. नवीन डिझाइन जकार्ड मागावर चढलं पण अजून एकही नग विकला नाही, तर त्याची नोंद करायला तुझ्याकडं जागाच नाही, कारण ओळ बिलाची आहे. आणि एखाद्या पार्टीचं एकच बिल होतं, ते रद्द झालं म्हणून ओळ उडवलीस, की पार्टीचा पत्ता पण गेला. बदलताना, घालताना, काढताना, तिन्हीकडून मार बसतो आणि तिन्हीचं कारण एकच, एका ओळीत चार वेगळ्या गोष्टी कोंबल्यात.

मी नवीन पोरांना टेबल काढूच देत नाही. आधी साध्या मराठीत वाक्यं लिहायला लावतो. टेबलातली एक ओळ म्हणजे एक खरं वाक्य. "अमुक नंबरची पार्टी या नावाची, या गावची आहे." हे एक वाक्य, म्हणजे एक टेबल. "अमुक बिल या तारखेला या पार्टीला केलं." हे दुसरं. वाक्यात "आणि शिवाय" आलं की समजायचं दोन वाक्यं चिकटलीत. तुझ्या धंद्याची सगळी वाक्यं इथं लिही, टेबलं आपोआप दिसतील. कागदावर लिही आधी, कॉम्प्युटर बंद ठेव.

शिकवते_डीबीएमएस

पूर्वभागकर, ही वाक्याची पद्धत मी वर्गात वापरते, आणि ती नुसती शिकवण्याची युक्ती नाही, मूळ सिद्धांतच तसा आहे. आयबीएममधले गणिती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, त्यात टेबल म्हणजे एका विधानाचा साचा आणि ओळ म्हणजे तो साचा भरून झालेलं खरं विधान असंच धरलंय. नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे चिकटलेली माहिती वेगवेगळ्या टेबलांत सोडवायच्या, पायऱ्या पण त्यांनीच पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मांडल्या, आणि १९८१ ला त्यांना संगणकशास्त्रातला ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्याच्या आधी काय होतं ते कळलं की याचं मोल कळतं. आयबीएमचंच आयएमएस नावाचं सॉफ्टवेअर अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला तयार झालं, त्यात माहिती झाडासारखी ठेवायची, वर मोठा भाग, त्याच्या पोटात छोटे. तुमच्या कारखान्यात लावून बघा. वर पार्टी, तिच्या पोटात बिलं, बिलाच्या पोटात डिझाइनं. "या पार्टीनं काय काय नेलं" हे पटकन मिळतं. पण पप्पांनी विचारलं की १२-८ डिझाइन कोणकोणत्या पार्टीनं नेलं, तर प्रत्येक पार्टीच्या पोटात शिरून प्रत्येक बिल उघडावं लागतं. झाड कुठल्या प्रश्नासाठी बांधलंय यावर उत्तर सोपं की अवघड ते ठरायचं. कॉड यांचं म्हणणं असं की वाटा आधीच बांधून ठेवू नका, विधानं सुटी ठेवा, कुठल्याही बाजूनं प्रश्न विचारता आला पाहिजे आणि तो कसा शोधायचा हे मशीननं ठरवावं. १९७४ च्या सुमाराला चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यावर जी भाषा बेतली तीच आजची एसक्यूएल. मला हे आजही शिकवताना भारी वाटतं, पन्नास वर्षं होऊन गेली तरी पाया तोच आहे.

लूमवाला_१३

सर, मॅडम, मनापासून आभार. काल रात्री वाक्यं लिहिली, पप्पा पण शेजारी बसले होते, त्यांनीच दोन सांगितली.

पार्टीचं हे नाव, हे गाव, हा मोबाइल आहे. या डिझाइनचा हा साइज, हा रंग आणि हा रेट आहे. हे बिल या तारखेला या पार्टीला केलं. या बिलात या डिझाइनचे इतके नग गेले. या पार्टीकडून या तारखेला एवढे पैसे आले.

पप्पांचं एक म्हणणं आलं, चादरी आपण नगावर विकतो पण टॉवेल काही पार्ट्यांना किलोवर आणि काहींना डझनावर जातात. ते शीटमध्ये मी नग या कॉलममध्येच लिहीत होतो आणि लक्षात ठेवत होतो.

रेट मी बिलातून काढून डिझाइनच्या टेबलात ठेवला, कारण एक गोष्ट एकाच जागी ठेवायची ना. बरोबर का?

खातेवही

रेटवर थांबा! मी बारा वर्षं यार्नच्या पेढीवर अकाउंट बघते. तुम्ही आज १२-८ चा रेट ३२० चा ३४० केला की मागची सगळी बिलं पण ३४० नं दिसायला लागतील, मग पार्टीच्या हातातल्या कागदाशी तुमचं बिल जुळणारच नाही. तसंच जीएसटीचं. हजार रुपयांवरच्या चादरीला बारा टक्के लागायचे, २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांचा टप्पाच निघाला आणि अडीच हजारापर्यंत पाच टक्के झाले. मग त्याआधीच्या ऑगस्टचं बिल आज परत छापलं तर त्यावर काय यायला पाहिजे? बाराच यायला पाहिजेत.

पूर्वभागकर

ताईंनी नेमकं पकडलं आणि इथंच बहुतेक जण पुस्तक वाचून घसरतात. "एक गोष्ट एका जागी" हे खरं, पण आजचा रेट आणि त्या दिवशी त्या बिलाला लावलेला रेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आकडा योगायोगानं सारखा असतो एवढंच. वाक्यात लिहून बघ. "१२-८ चा सध्याचा रेट ३४० आहे." "बिल ५०१ मध्ये १२-८ हे ३२० नं दिलं." दुसरं वाक्य पहिलं बदललं तरी खरंच राहतं. म्हणून डिझाइनच्या टेबलात चालू रेट आणि बिलाच्या ओळीत लावलेला रेट आणि लावलेला टॅक्स, दोन्ही ठेवायचे. उलट पार्टीचा मोबाइल बिलात ठेवायचा नाही, कारण तुला जुन्या बिलाच्या पार्टीला आजच्या नंबरवरच फोन करायचाय.

आणि पप्पांचं ते किलो-डझनचं फार महत्त्वाचं आहे. जे माणूस लक्षात ठेवतो ते टेबलात नसतं, आणि माणूस गावाला गेला की हिशेब चुकतो. बिलाच्या ओळीत माप नावाचा कॉलम घाल आणि मापांचं छोटं टेबल कर, नग, डझन, किलो, त्याच्या बाहेरचं काही घेऊच नये. १२ डझन आणि १२ किलोची बेरीज कुणाकडून होता कामा नये.

अजून एक. डिझाइनच्या वाक्यात तू साइज, रंग, रेट एकत्र लिहिलंस, पण एकाच डिझाइनचे सहा रंग आणि दोन साइज असतील तर एकाच डिझाइनच्या बारा ओळी होतील. डिझाइन वेगळं, आणि डिझाइन-साइज-रंग मिळून जो विकायचा माल होतो तो वेगळा. रेट साइजप्रमाणं बदलतो की रंगाप्रमाणं पण, हे पप्पांना विचार, ते मला पुण्यात बसून कळणार नाही.

कडकभाकरी

मी आधी ओत म्हणालो होतो, ते मागं घेतो. आमचं शेंगदाणा चटणीचं दुकान आहे, आमच्याकडं पण सेम एक शीट आहे आणि हे वाचताना आमचेच घोटाळे दिसायलेत. एक विचारायचंय, पार्टीला ओळखायचं कशावरनं? नाव तर सारखं असू शकतंय. मोबाइल नंबरच प्रायमरी की, म्हणजे ओळीची पक्की ओळख, करावा का? नाहीतर जीएसटी नंबर?

खातेवही

मोबाइल अजिबात नको, माणसं नंबर बदलतात, बाप-लेक एकच नंबर देतात. जीएसटी नंबर तर अजून फसवा. पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. आपल्या महाराष्ट्राचा २७, कर्नाटकाचा २९, तेलंगणाचा ३६. एकाच मालकाचं दुकान सोलापुरात आणि विजापुरात असेल तर पॅन एक पण जीएसटी नंबर दोन. आणि मंगळवार बाजारात बसणाऱ्या छोट्या पार्टीकडं नंबरच नसतो.

पूर्वभागकर

म्हणून आपलाच एक बिनअर्थाचा नंबर द्यायचा, १, २, ३, तोच प्रायमरी की. त्यात गावाचा कोड, वर्ष असलं काही कोंबायचं नाही, ज्याला अर्थ आहे ते कधी ना कधी बदलतंच, गुलबर्ग्याचं नाव २०१४ ला कलबुर्गी झालंच की. जीएसटी नंबर वेगळ्या कॉलममध्ये, त्यावर युनिक, म्हणजे तोच नंबर दोनदा चालणार नाही असा नियम, लाव, नसेल तर रिकामा राहू दे, मायएसक्यूएलमध्ये युनिक कॉलमला नल, म्हणजे रिकाम्या जागा, कितीही चालतात. पण नुसता आपला नंबर दिला म्हणून काम संपत नाही, तीच पार्टी ४१ आणि ९७ नंबरनं दोनदा घालता येतेच, ते अडवायला युनिक लागतो. आणि ज्यांच्याकडं जीएसटी नंबरच नाही तिथं नवीन पार्टी घालायच्या आधी नाव आणि मोबाइल शोधून बघायची शिस्त लागते.

मग फॉरेन की, म्हणजे एका टेबलातल्या नंबरनं दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडं बोट दाखवणं. बिलात पार्टी नंबर ९९ लिहिला आणि ९९ नंबरची पार्टीच नसेल तर डेटाबेसनं ते बिल घेऊच नये. हे काम प्रोग्रामवर सोडू नका, प्रोग्राम उद्या बदलेल, कुणीतरी थेट टेबलात हात घालेल, नियम डेटाजवळच राहिला पाहिजे. यात दोन खड्डे आहेत ते सांगतो. मायएसक्यूएलमध्ये टेबल इनोडीबी इंजिनचं (इंजिन म्हणजे माहिती साठवणारा आतला भाग) पाहिजे, जुन्या मायआयसॅम इंजिनात फॉरेन की पाळलीच जात नाही. आणि चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे "नग शून्यापेक्षा जास्तच पाहिजेत" असला नियम, ८.०.१६ च्या आधीची व्हर्जनं मुकाट्यानं लिहून घ्यायची आणि पाळायची नाहीत. तुझं व्हर्जन बघ. कडकभाकरी, तू एका कॉम्प्युटरपुरतं एसक्युलाइट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर घेतलंस तरी चालेल, फक्त त्यात फॉरेन की सहसा बंद असते, प्रत्येक कनेक्शनला चालू करावी लागते.

पैशाचा कॉलम डेसिमलच, फ्लोट नाही. फ्लोट बायनरीत ठेवतो आणि ०.१ त्यात नेमका बसतच नाही, बेरजा करत गेलं की पैशा-पैशाचा फरक पडतो. डिझाइन नंबर टेक्स्ट ठेव, त्याची आपण बेरीज-वजाबाकी करत नाही, आणि १२-८ ची तारीख पण होणार नाही. नावं मराठीत लिहिणार असशील तर कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ ठेव.

लूमवाला_१३

सर, जमेचं एक अडलंय. पार्टी कधी एका बिलाचे पैसे दोन हप्त्यांत देती, कधी तीन बिलांचे मिळून गोळा पाठवती. मग जमेच्या ओळीत बिल नंबर लिहायचा का?

खातेवही

जमा एक टेबल, बिल एक टेबल, आणि मधे तिसरं, "या जमेतले एवढे रुपये या बिलाला लावले." आम्ही वहीत हेच करायचो, त्याला वेगळं नाव नव्हतं.

शिकवते_डीबीएमएस

याला अनेक-ते-अनेक नातं म्हणतात आणि त्याला मधलं टेबल लागतंच, दोन टेबलांत ते बसत नाही. बिल आणि माल यांचं पण तेच, तिथलं मधलं टेबल म्हणजे तुमच्या बिलाच्या ओळी. विद्यार्थी इथं "बिल१, बिल२, बिल३" असे कॉलम करतात, मग चौथं बिल आलं की अडतात. चौकोन आणि रेषा काढून हे दाखवायची रीत पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडली, ईआर डायग्राम. तुम्ही एक काढाच, कारखान्याच्या भिंतीला लावा, पप्पांना पण बोट ठेवून चुका दाखवता येतील.

कडकभाकरी

आणि शिल्लक माल? मालाच्या टेबलात "शिल्लक नग" असा कॉलम ठेवायचा का? गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर आमचे दोन काउंटर असतात, मागच्या जानेवारीत शेवटचं एकच पाकीट दोन गिऱ्हाइकांना विकलं, दोघांचे पैसे घेतलेले. एकाला परत करताना फार ओशाळल्यासारखं झालं.

पूर्वभागकर

शिल्लक हा आकडा खरं तर निघतो, आवक वजा जावक. म्हणून मी माल आला, गेला, परत आला, फाटका निघाला अशा हालचालींचं टेबल करतो आणि शिल्लक बेरजेनं काढतो. हालचालीच्या ओळीत कधी खोडाखोड करायची नाही, चुकलं तर उलटी ओळ घालायची, म्हणजे कुठं चुकलं ते वर्षभरानं पण सापडतं. काउंटरवर घाई असेल तर शिल्लक कॉलम ठेवावा लागतो, ठेव, पण तो आणि हालचालीची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बदलली पाहिजेत, दोन्ही होतील नाहीतर एकही नाही.

तुझ्या पाकिटाचं काय झालं बघ. दोन्ही काउंटरनी शिल्लक वाचली, १. दोघांनी आपल्या डोक्यात वजा केलं, ०. दोघांनी ० लिहिलं. कुणीच चुकलं नाही आणि एक पाकीट जास्त विकलं. डेटाबेसमध्ये पण आधी वाचून मग प्रोग्राममध्ये वजा करून परत लिहिलं तर हेच होतं. त्याऐवजी एकाच अपडेटमध्ये सांगायचं, शिल्लक बरोबर शिल्लक वजा १, पण शिल्लक १ किंवा जास्त असेल तरच. पहिला काउंटर ती ओळ लॉक करतो, दुसरा थांबतो, त्याची पाळी येते तेव्हा अट खोटी ठरते, शून्य ओळी बदलल्या असं उत्तर येतं, त्यावर "माल संपला" दाखवायचं.

लाइट गेली तर काय, हे कुणी विचारलं नाही, सोलापुरात विचारायला पाहिजे. डेटाबेस बदल आधी लॉगमध्ये लिहून पक्का करतो, मूळ पानांत सावकाश उतरवतो. मधेच वीज गेली तर परत चालू झाल्यावर लॉग वाचून पूर्ण झालेले व्यवहार पुरे करतो, अर्धवट असलेले उलटवतो.

खातेवही

म्हणजे आमची रोजकीर्द आणि खतावणीच की. आधी रोजकीर्दीत तारखेवार लिहायचं, मग सावकाश खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. खतावणी खराब झाली तरी रोजकीर्दीवरनं परत मांडता येते, मी एका मार्चअखेरीला मांडलीय.

शिकवते_डीबीएमएस

ताई, हे उदाहरण मी उद्याच वर्गात घेणार. आणि याच वह्यांवरून इंडेक्स पण समजतो. रोजकीर्द तारखेवार असते, त्यात एका पार्टीच्या नोंदी शोधायच्या तर सगळी पानं चाळा, खतावणीत थेट तिचं पान उघडतं. इंडेक्स म्हणजे मशीननं स्वतः ठेवलेली खतावणी. त्याची किंमत पण तीच, प्रत्येक नोंद दोन ठिकाणी लिहायची, म्हणून दिसेल त्या कॉलमला इंडेक्स लावू नये. आतली रचना बी-ट्री नावाची, बायर आणि मॅकक्राइट यांनी सत्तरच्या आसपास काढली, पसरट झाड असतं, एका पानातून हजारभर फांद्या फुटू शकतात, त्यामुळे कोटभर ओळी असल्या तरी तीन-चार पानं उघडून नेमकी ओळ सापडते. तुम्हाला पार्टी आणि तारीख मिळून एक इंडेक्स पुरेल. त्याच क्रमानं. नुसत्या तारखेनं शोधलं तर त्याचा उपयोग होणार नाही, पार्टीचं पान माहीत नसताना खतावणी उघडल्यासारखं होईल ते.

लूमवाला_१३

आठवडाभर लागला. नऊ टेबलं झाली. गाव, पार्टी, डिझाइन, माल, माप, बिल, बिल-ओळ, जमा, जमा-बिल. हालचालींचं टेबल राहिलंय कारण गोडाऊनमध्ये आज नक्की किती माल आहे हेच धड माहीत नाही. डिझाइन-माल वेगळं करताना पप्पांना विचारलं, रेट साइजवर ठरतो, रंगावर नाही, फक्त पांढऱ्याला वेगळा.

जुना डेटा भरताना फॉरेन कीनं लै अडवलं, सुरुवातीला वैताग आला, नंतर कळलं प्रत्येक वेळी अडलं तिथं खरोखर चूक होती. शीटमध्ये ४१२ पार्ट्या होत्या, एकत्र करून २६७ राहिल्या. प्रत्येक जोडी मी एकट्यानं जुळवली नाही, पप्पांना नाव वाचून दाखवायचो आणि ते सांगायचे हे दोन भाऊ आहेत, वेगळे ठेव, किंवा हा तोच, दुकान बदललं.

त्या कलबुर्गीच्या पार्टीचं येणं परत काढलं. तो म्हणत होता तेवढंच निघालं, रुपयाचा फरक नाही. पप्पांनी स्वतः फोन करून सांगितलं.

खातेवही

बॅकअप कुठं ठेवताय? त्याच कॉम्प्युटरवर नको.

लूमवाला_१३

रोज रात्री एक पेनड्राइव्हवर आणि एक घरी. काल काकांच्या लॅपटॉपवर परत उघडून पण बघितला, पूर्वभागकर सरांनी फोनवर तेच पहिलं विचारलं होतं. रविवारी लूम बंद असतात तेव्हा गोडाऊन मोजायला घेणार आहे, काउंटरवाला आणि मी, एक नग-डझन मोजणार आणि एक लिहिणार. टॉवेलच्या किलोच्या गाठी सोडून मोजायच्या की वजनावरच घ्यायच्या हे अजून ठरत नाही, कुणी केलं असेल तर सांगा.